चाळीसगावचा टांगा ते राईनपाडा : खान्देशातल्या मनावरच्या जखमांचा इतिहास

गावात जातीय अत्याचार झाला की कार्यकर्त्यांचे फोन सुरू होतात. पोलीस ठाण्यासमोर ठिय्या बसतो. अ‍ॅट्रॉसिटीची कलमे नीट लागली का हे तपासले जाते, वैद्यकीय तपासणीचा कागद मागितला जातो, समाजकल्याण खात्याकडून अर्थसहाय्याचा पहिला हप्ता मिळवला जातो. हे सगळे करायलाच हवे, आणि ते करणारे हात आजही कमीच आहेत. पण पंधरा दिवसांनी शिष्टमंडळे निघून जातात, कॅमेरे दुसऱ्या गावाला जातात, आणि ते घर एकटे उरते. रात्री कोण दचकून उठते, मुलगा शाळेत जायला का नको म्हणतो, आईने किती दिवसांत पोटभर जेवण केलेले नाही, याची नोंद एफआयआरमध्ये नसते, पंचनाम्यात नसते आणि आपल्या निवेदनातही नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. जातीने केलेली मनाची जखम ही कुणाची खाजगी बाब नाही. तिला इतिहास आहे, कारण आहे, आणि तिला जबाबदार कोण हे बोट दाखवून सांगता येते. म्हणून तिच्यावरचा उपचार हा हक्काचा प्रश्न आहे आणि चळवळीच्या रोजच्या कामाचा भागही आहे. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतल्या गेल्या शतकभराच्या घटना एका ओळीत मांडल्या, तर ही गोष्ट स्पष्ट दिसते. सुरुवात खुद्द बाबासाहेबांपासून करावी लागते.

१९२९ : चाळीसगावचा पूल

१९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. स्टार्ट समिती म्हणून ती ओळखली जाते. बाबासाहेब तिचे सदस्य होते आणि खान्देशाचा दौरा त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले, ते धुळ्याच्या मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी. चाळीसगावच्या महारवाड्यातील लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. बाबासाहेबांनी तो मान्य केला.

स्टेशनावरून वस्तीत जायला टांगा हवा होता. एकही टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. पण आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांनाही सहन होईना. शेवटी तोडगा निघाला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला आला नाही. वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला. त्याला त्या कामाची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळले. बाबासाहेबांचा पाय मोडला आणि काही दिवस अंथरुणावर काढावे लागले.

हा प्रसंग आपण भाषणांत अनेकदा ऐकतो. त्यात पायाच्या हाडाची गोष्ट सांगितली जाते. पण बाबासाहेबांनी स्वतः तो लिहिला तेव्हा हाडापाशी थांबले नाहीत. वस्तीतल्या लोकांनी त्यांचा मान राखण्यासाठी त्यांचा जीवच धोक्यात घातला होता, हे त्यांना नंतर कळले. आणि आणखी एक गोष्ट कळली : पोटासाठी टांगा हाकणारा साधा माणूसही बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो. शिक्षण, पदवी, सरकारी समितीचे सदस्यत्व यांपैकी काहीही त्या स्टेशनावर उपयोगाला आले नाही.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात हा प्रसंग आहे. बाबासाहेबांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. त्यात चाळीसगावच्या आधी लहानपणीचा मसूर स्टेशनचा प्रवास आहे, बडोद्याची खानावळ आहे, पुढे दौलताबादच्या किल्ल्यावरच्या पाण्याचा प्रसंग आहे. नऊ वर्षांच्या वयात घडलेल्या प्रसंगाची छाप मनावरून कधीच पुसली गेली नाही, हे जगातील मोठ्या विद्यापीठांत शिकलेला विद्वान चाळिशी गाठल्यावर लिहितो. आज मानसोपचाराच्या पुस्तकांत ज्याला आघात म्हणतात, त्याची आपल्या भाषेच्या मुलखातली इतकी नेमकी, इतकी प्रामाणिक नोंद दुसरी क्वचितच सापडेल. तेव्हा 'मनाचे आजार म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले' असे म्हणणाऱ्या आपल्याच माणसांना आमचा प्रश्न आहे : बाबासाहेबांनी ज्याची नोंद करून ठेवली, ते चोचले होते काय?

जखम कुणाची आणि दोष कुणाचा?

बाबासाहेबांच्या त्या लिखाणात उपचाराची पहिली पायरीही आहे. दुखावलेला माणूस सहसा स्वतःलाच विचारतो, 'माझेच काय चुकले?' बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. माझ्यात काही उणे नाही, उणे त्या व्यवस्थेत आहे, हे त्यांनी प्रसंगामागून प्रसंग मांडून दाखवले. दुःखाचे कारण दुःखी माणसाच्या माथी मारायचे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

पुढे धम्माच्या मांडणीतही हेच सूत्र आले. मागच्या जन्मीच्या पापामुळे या जन्मी हलाखी आली, या समजुतीवर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कठोर टीका केली. अशी समजूत गरिबाच्या हालअपेष्टांची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून काढून घेते, हा त्यांचा आक्षेप होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, तेव्हा धर्म बदलला एवढेच झाले नाही. 'आपण जन्मानेच हलके' हे पिढ्यानपिढ्या मनात घुसवलेले विष उतरवण्याचा तो आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा सामुदायिक प्रयत्न होता.

त्याच सुमारास आफ्रिकेत फ्रांत्स फॅनन हा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या रुग्णालयात काम करत होता. फ्रेंच वसाहतवाद रोज माणसे मोडत होता आणि रुग्णालयाने त्यांना बरे करून पुन्हा त्याच व्यवस्थेत सोडायचे, हे त्याला पटेना. १९५६ मध्येच त्याने राजीनामा दिला. बाबासाहेब आणि फॅनन यांची वाट वेगळी होती, निष्कर्ष मात्र जवळचा होता : माणसाला अपमानाशी जुळवून घ्यायला शिकवणे म्हणजे उपचार नव्हे.

२०१८ : वाकडी आणि राईनपाडा

आता खान्देशात परत येऊ. १० जून २०१८. जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यातले वाकडी गाव. मातंग समाजातील अल्पवयीन मुले विहिरीत पोहली म्हणून त्यांना नग्न करून मारहाण झाली. मारहाणीची चित्रफीत काढली गेली आणि देशभर फिरली. देशपातळीवरच्या एका बड्या नेत्यानेही ती समाजमाध्यमावर टाकली आणि राज्य बालहक्क आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. हेतू निषेधाचा असेल, पण त्या पोरांच्या बाजूने विचार करा. एकदा विहिरीवर जे घडले ते लाखो मोबाइलवर पुन्हापुन्हा घडले. चेहरा ओळखू येईल अशी चित्रफीत पुढे पाठवायला बालन्याय कायदा आणि पोक्सो कायदा मनाई करतो. ही मनाई मुलांच्या मनाचे रक्षण व्हावे म्हणून आहे.

तीन आठवड्यांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावात आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने त्यांना पकडले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही जण गेले.

ही अफवा मोबाइलमुळे पसरली हे खरे, पण ती रुजली का, हा प्रश्न इतिहासाचा आहे. फिरस्त्या माणसाकडे चोर म्हणून बघण्याची सवय या मुलखाला राज्यकर्त्यांनीच लावली. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा कंपनीच्या दप्तरात डोंगरातला भिल्ल म्हणजे लुटारू होता. त्याला 'वठणीवर' आणण्यासाठी १८२५ मध्ये धरणगावला आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण तो ज्यांच्या डोक्यात भिनला होता त्यांच्या डोक्यातून तो कुणी काढला? अंगावरचे कपडे, खांद्यावरची झोळी आणि अनोळखी बोली एवढ्यावर पाच माणसांचा जीव घेतला गेला. १८७१ सालची नजर २०१८ सालीही शिल्लक होती, असेच म्हणावे लागते.

इथे एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. राईनपाडा हे आदिवासीबहुल गाव आहे. वाकडीचे आरोपी स्वतः भटक्या-विमुक्त प्रवर्गातले असल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. म्हणजे दोन्हीकडे मारणारे पेशव्यांचे वंशज नव्हते. मग चाळीसगावचा टांगेवाला आठवा. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. वरून लाथ खाणारा प्रत्येक जण आपल्या खाली कुणीतरी आहे या समाधानावर जगतो. त्यामुळे मनाचा प्रश्न फक्त पीडितांचा राहत नाही. राईनपाड्याची घटना घडल्यावर गावातले पुरुष परागंदा झाले. ज्या पोरांनी आपल्या ग्रामपंचायतीत माणसे मारलेली पाहिली, त्यांच्या मनात काय राहिले असेल? मंगळवेढ्याकडच्या पालांवर ज्या बायका वाट बघत होत्या, त्यांना आता अनोळखी गावात भिक्षेला जाताना काय वाटत असेल? गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी. पण या प्रश्नांना न्यायालयाच्या निकालात उत्तर नसते.

राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळींबाबत निर्देश दिले. नुकसानभरपाई ठरवताना शरीराच्या इजेबरोबर मानसिक इजेचाही विचार करा, असे त्यात राज्यांना सांगितले आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मनाची जखम मोजायला सांगितली. ती मोजणारा माणूस तालुक्याच्या गावी कुठे आहे?

२०१९ : जळगावची डॉक्टर लेक

२२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांचे आयुष्य संपले. जळगावची ही तडवी भिल्ल समाजातली मुलगी. मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस आणि मग स्त्रीरोगशास्त्रात एमडीला प्रवेश. वरिष्ठांकडून होणाऱ्या जातीय छळाची तक्रार कुटुंबाने आधीच मांडली होती. पुढे तीन वरिष्ठ डॉक्टरांवर रॅगिंगविरोधी आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

पायल शहरात होत्या, मोठ्या रुग्णालयात होत्या, आजूबाजूला डॉक्टरच होते. मानसोपचाराची सोय लांब होती असे तिथे कुणी म्हणू शकत नाही. तरीही त्यांच्यापर्यंत वेळेवर हात पोहोचला नाही. खोली आणि डॉक्टर असून भागत नाही, समोरच्याला जात हे दुखण्याचे कारण म्हणून ओळखता आले पाहिजे, हे यातून सिद्ध होते. 'थोडे सांभाळून घे', 'मनाला लावून घेऊ नकोस', 'सगळीकडे असेच असते' हे सल्ले चांगल्या हेतूने दिले तरी ते 'तुझेच काहीतरी चुकतेय' एवढेच सांगतात. मागच्या जन्मीच्या पापाची जुनी समजूत नवे कपडे घालून येते, ती अशी.

पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला यांनी २०१९ मध्ये उच्च शिक्षण संस्थांतील जातिभेदाविरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. शोकात बुडालेल्या दोन आयांनी आपल्या दुःखाचा दावा केला. दुःखाला वाट देण्याची ही आंबेडकरी रीत आहे. पण अशी ताकद प्रत्येक घरात आपोआप येत नाही. तिच्यामागे माणसे उभी राहावी लागतात. खैरलांजीच्या भैयालाल भोतमांगे यांचे सगळे कुटुंब २९ सप्टेंबर २००६ ला संपवले गेले. त्यानंतर दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून जानेवारी २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने सभा किती झाल्या, आणि त्यांच्याशेजारी शांतपणे बसून ऐकणारे किती होते, याचा विचार प्रत्येक कार्यकर्त्याने करावा.

सरकारच्या कागदावर खान्देश कुठे आहे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. महाराष्ट्रातील चार मोठी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. खान्देशात एकही नाही. साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या पाड्यावरून ठाणे किंवा येरवडा म्हणजे तीनशे-चारशे किलोमीटर. मजुरी बुडवून, गाडीभाडे जमवून तिथे कोण जाणार? धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले. पण सातपुड्याच्या कुशीतल्या बाईसाठी जिल्ह्याचे ठिकाणही दुसऱ्या देशासारखे लांब असते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले की नैराश्य, चिंता यांसारखे नेहमी आढळणारे त्रास असलेल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नाहीत. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या, २२,२०७. देशभरातल्या आकड्यात दर चारांपैकी एक जण रोजंदारीवरचा मजूर होता. हे मजूर कोणत्या जातीजमातींचे, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही. पण त्या अहवालात जातनिहाय तक्ता नसतो. जे मोजले जात नाही त्यावर धोरण होत नाही.

शेतकऱ्यांच्या मानसिक आधारासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आणला, तो विदर्भ आणि मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी. कपाशी पिकवणारे जळगाव आणि दुष्काळाची सवय झालेले धुळे त्या यादीत नव्हते. शिवाय कर्जाची नोंद सातबाऱ्यावरून होते. ज्याच्या नावावर जमीनच नाही, जो कोयता घेऊन गुजरातच्या उसाच्या फडात जातो, त्याचे दुःख कोणत्या उताऱ्यावर येणार?

२ ऑक्टोबर २०१३ पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांना पैशांबरोबर समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत द्यायची, असे ती सांगते. चांगली योजना आहे. म्हणजे अत्याचारात मनोधैर्य खचते आणि ते उभे करणे सरकारचे काम आहे, हे सरकारला मान्य आहे. मग ज्याला जातीमुळे नग्न करून मारले, ज्याच्या घराला वाळीत टाकले, त्याचे मनोधैर्य खचत नाही काय? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५अ आले. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास आणि निर्वाह खर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन, स्थलांतराची सोय आणि सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेण्याचा हक्क त्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १८ म्हणते की परवडणारी, जवळ मिळणारी, जातीवरून भेदभाव न करणारी मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे. ही दोन कलमे शेजारी ठेवून आपण किती निवेदने दिली?

भगत, डाकीण आणि मधली रिकामी जागा

सरकार पोहोचत नाही तिथे दुसरे कुणीतरी पोहोचतेच. सातपुड्यात माणूस गप्प झाला, झोप उडाली, अंगात येऊ लागले की कुटुंब भगताकडे जाते. भगत निदान वेळ देतो, घरातल्या बोलीत बोलतो, हे मान्य करायला हवे. पण दुखण्याचे कारण शोधता शोधता बोट एखाद्या एकट्या बाईकडे वळते आणि ती डाकीण ठरते. धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात आणि १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबारमध्ये या कुप्रथेने कित्येक बायकांचे जगणे उद्ध्वस्त केले. म्हणजे एका मनाच्या आजारातून दुसऱ्या मनावर अत्याचार. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हातात आहे. पण भगताच्या जागी ऐकणारे दुसरे माणूस उभे केल्याशिवाय फक्त कायद्याने ती वाट बंद होणार नाही.

हे माणूस मुंबईहून आणावे लागत नाही. विदर्भात अमरावतीच्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. नैराश्याच्या त्रासासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले. झिम्बाब्वेत हरारेच्या म्बारे वस्तीत २००६ मध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी १४ आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. लोक येऊन त्यांच्याशी बोलू लागले. तिथली शोना भाषा नैराश्याला 'फार विचार करणे' असे म्हणते. आपल्या अहिराणी बोलणाऱ्या मायमाउल्याही 'डिप्रेशन' म्हणत नाहीत. त्या म्हणतात, 'जीव घाबरस', 'माले काहीच गोड लागत नही'. ज्याला हे वाक्य ऐकून पुढचा प्रश्न विचारता येतो, तो खान्देशातला खरा समुपदेशक.

आता काय करायचे?

काही साथी म्हणतील, हे एनजीओचे काम आहे, यात पडलो तर लढा बोथट होईल. आम्हाला ते पटत नाही. खचलेला साक्षीदार न्यायालयात टिकत नाही. घाबरलेले कुटुंब तडजोडीला तयार होते. मन उभे राहिले नाही तर खटला उभा राहत नाही. समुपदेशन लढ्याच्या जागी आणू नका, लढ्याच्या सोबत आणा.

पहिली गोष्ट आपल्या हातातली. अत्याचारग्रस्त गावात जाणाऱ्या प्रत्येक पथकात वकिलाबरोबर मानसिक प्रथमोपचार शिकलेली एक व्यक्ती असावी, शक्यतो महिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये यावर साधी पुस्तिका काढली आहे. बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, एवढे तिचे सार. घडलेला प्रसंग खोदून खोदून सांगायला लावू नका, असेही ती बजावते. पत्रकार, नेते आणि कार्यकर्ते मिळून एकाच मुलाला दिवसातून दहा वेळा तीच कहाणी सांगायला लावतात, ते थांबले पाहिजे. पीडितांची चित्रफीत पुढे पाठवणेही थांबले पाहिजे.

दुसरी गोष्ट विहारांची. आठवड्यातून एक संध्याकाळ वंदनेनंतर ऐकण्याची ठेवा. आशाताई, निवृत्त शिक्षिका, नर्स झालेली वस्तीतली मुलगी यांना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडून प्रशिक्षण मागा. ऐकलेले बाहेर जाणार नाही, हा नियम पंचशीलाइतका काटेकोर पाळा. जीव नकोसा झाला असे कुणी बोलले तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरपर्यंत सोबत जा. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तो प्रत्येक विहाराच्या फळ्यावर लिहा. बोललो तर पोलीस केस होईल ही भीतीही घालवा. २०१७ च्या कायद्याचे कलम ११५ जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानते आणि त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरवते.

तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची. मनोधैर्य योजनेत जातीय अत्याचार आणि झुंडबळी यांचा समावेश करा. प्रेरणासारखी सेवा धुळे-जळगावला द्या आणि भूमिहीनांना त्यात धरा. अहिराणी, पावरी, भिलोरी बोलणारे समुपदेशक नेमा. अ‍ॅट्रॉसिटीच्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिच्या विषयपत्रिकेवर पीडित कुटुंबाच्या मानसिक स्थितीचा अहवाल हा कायमचा मुद्दा ठेवा. तुमच्या जिल्ह्यात त्या समितीवर कोण आहे, मागची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. तिथून सुरुवात होईल.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे मुक्कामी होते म्हणून खान्देशभरातून माणसे येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, गाणी होतात. येत्या यात्रेत एक मंडप ऐकणाऱ्यांचा असू द्या. दोन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि आपल्या बोलीत बोलणारे एक प्रशिक्षित माणूस, एवढी तयारी पुरेशी आहे. खान्देशातल्या कोणत्या तालुक्यातले कार्यकर्ते त्याची जबाबदारी घेणार, ते आजच ठरवू या.

जयभीम.